आईची म्हणून दिलेली मशीन

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं. बोरीच्या शेतावरचा माझा हक्क सोडल्याच्या कागदावर त्यानं माझी सही घेतली आणि बदल्यात आईची शिलाई मशीन म्हणून दुसरीच मशीन माझ्या दारात उतरवली. सही खरी होती, मशीन खोटी होती.

हे लिहून ठेवतेय, कारण तोंडी बोललेलं आमच्या घरात टिकत नाही. आज बोललेलं उद्या कुणी बोललंच नव्हतं असं होतं. मागची काही वर्षं आमच्याकडे हेच चाललं होतं, आणि त्यात माझाही हात होता.

परभणीत माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मला सासरनं दिलं नाही, माहेरनं दिलं नाही. लग्नानंतरची सहा वर्षं मी डोक्यावर टोपलं घेऊन आठवडी बाजार केले. जिंतूर, चारठाणा, बोरी. पातेल्याला एक टिचकी मारली की त्याचं बूड किती जाड आहे ते मला कळतं. घाऊक व्यापारी माझ्याशी बोलताना सांभाळून बोलतात, कारण माझा आवाज चढला की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंही ऐकत उभी राहतात. तापट म्हणतात मला लोक. म्हणू देत. बाईमाणसानं बाजारात मऊ बोलून काय होतं ते मी पहिल्या वर्षीच बघितलं होतं. मला कुणी फसवू शकत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

मशीन आईच्या वडिलांची. निजामाच्या अमलात ते हैदराबादेत एका शिवणकामाच्या कारखान्यात राबत होते. तिथून कायमचे परतले तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांचं एक गाठोडं आणि ही मशीन होती. परभणीपर्यंत रेल्वेनं आणि पुढे चारठाण्यापर्यंत बैलगाडीनं ती आली. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी जाळीचं पायडल. माझे मामा रानात रमलेले, शिवणाकडे कुणी फिरकलं नाही. आई शिकली. म्हणून तिच्या लग्नात मशीन तिच्याबरोबर बोरीला आली.

वडील लवकर गेले. त्यानंतर आई आणि ती मशीन, दोघींनी मिळून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. परकर, झबली, शाळेचे सदरे, गाद्यांच्या खोळी, सुगीच्या दिवसांत पोत्यांची तोंडंसुद्धा. शिवायला बसली की आईचं तोंड बंद आणि पाय सुरू. आम्ही काही विचारलं तर ती दोऱ्याकडे बघतच मान हलवायची. मी काजं करायची, बटणं लावायची, पण मशीनला हात लावायची बंदी होती.

नऊ वर्षांची असताना मी ती बंदी मोडली. आई कुणाकडे माप घ्यायला गेली होती. तिला खूश करावं म्हणून मी मशीन पुसायला घेतली. वरचं धूड, ज्याला शिंपी हेड म्हणतात, ते मागं कलंडवलं की खालचे सांधे पुसता येतात, हे मी बघितलं होतं. ते बिजागऱ्यांवर किती सैल बसलंय हे बघितलं नव्हतं. आख्खं हेड शहाबादी फरशीवर आदळलं आणि तळाचा मागचा कोपरा तुटला. आईनं त्या दिवशी मला कापड मोजायच्या लाकडी गजानं मारलं. दुसऱ्या दिवशी हेड चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती एसटीनं जिंतूरला गेली. तिथल्या एका कारागिरानं तुटका तुकडा पितळ वितळवून जोडून दिला. काळ्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, बोटभर पिवळी रेघ उमटली. पुढे दर वेळी तिथलं तेल पुसताना आई एकदा माझ्याकडे बघून घ्यायची. बोलायची काही नाही.

मी मोठी झाल्यावर मात्र ती बोलायची. भावासमोर, वहिनीसमोर, आल्यागेल्यासमोर. "रान त्याचं, मशीन हिची." भाऊ हसायचा. त्या लोखंडाची त्याला काय किंमत असणार, असं मला वाटायचं.

आई भावाकडेच राहायची. म्हातारपणी तिचं शिवण कमी झालं होतं, पण सुटलं नव्हतं. फाटकं धडकं जोडायची, वाकळेला लावायचे तुकडे जोडायची. मरणाआधी साधारण दोन वर्षं तिचा एका दुपारी फोन आला. मी दुकानात गिऱ्हाईक करत होते.

"बाई, माझी मशीन बदलली गं कुणीतरी."

मी हसले. म्हणाले, एवढं वजन कोण उचलून नेणार आणि तसलंच दुसरं कोण आणून ठेवणार.

"दिसायला तीच हाय. पण हात बसंना. टाका सुटायलाय. ही माझी न्हाई."

मी म्हणाले, तुझे डोळे गेलेत, मोतीबिंदूचं बघू या. तिनं फोन ठेवला. चार दिवसांनी परत तेच, पुढच्या आठवड्यात परत तेच. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, वय झालंय, डोकं फिरलंय. शेजारणींना बोलावून मशीन दाखवते, गावात माझी अब्रू घालवते. आधीच वैतागलेल्या माणसाचा आवाज होता तो. मला त्याची दया आली.

त्या दिवाळीला मी बोरीला गेले. आईसाठी साडी नेली होती, जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिनं साडी बाजूला ठेवली आणि माझा हात धरून मशीनजवळ नेलं. माझा तळवा चाकावर ठेवला.

"फिरवून बघ."

मी फिरवलं. चाक फिरलं.

"फिरतंय की आई."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझा हात सोडला. तिला मोतीबिंदू, हातात हेड कलंडवण्याइतका जोर नव्हता. मला दोन्ही डोळे होते आणि मणामणाची भांडी उचलणारे हात होते. मी ते हेड मागं कलंडवून एकदा खाली बघितलं असतं, तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. पण वहिनीनं चहा आणला होता आणि मला चारची गाडी पकडायची होती.

पुढे भावानं तिला परभणीला आणून डोक्याच्या डॉक्टरला दाखवलं. मी बरोबर होते. डॉक्टरनं विचारलं, काय म्हणतात. भावानं सांगितलं, घरातली वस्तू बदलली म्हणते, चोर आले म्हणते. चोर आले असं आई कधीच म्हणाली नव्हती. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या बिचाऱ्यानं दोघा लेकरांनी सांगितलं ते लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या. आई स्टुलावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

गोळ्यांनी तिला झोप यायला लागली. भिंतीला टेकून बसल्या बसल्या मान खाली जायची. तरी एकदा तिचा फोन आला आणि पुन्हा मशीनचंच सुरू झालं. त्या दिवशी माझं एका व्यापाऱ्याशी वाजलं होतं. त्याच्यावरचा राग मी तिच्यावर काढला. म्हणाले, परत मशीनचं नाव काढलंस तर मी फोन उचलणार नाही.

तिनं परत नाव काढलं नाही. नंतर नंतर ती फारसं बोलायचीच नाही. बरी आहेस का, हो. जेवलीस का, हो. आम्हाला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. उन्हाळ्यात ती गेली.

आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. भाऊ साडीचोळी करतो, पोळीचं जेवण घालतो, आणि बहीण माहेरचं दार उघडं राहिलं एवढ्यावर समाधान मानते. जी सही देत नाही तिला दिवाळीला बोलावणं येत नाही, आणि तिच्या पोरांच्या लग्नात मामाच्या जागी कुणी उभं राहत नाही. कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे. दारही मला उघडं हवं होतं. म्हणून सही देणार हे मी आधीच ठरवलं होतं, फक्त फुकट देणार नव्हते.

चौदाव्याचं जेवण उरकल्यावर भावानं विषय काढला. मी म्हणाले, साडी नको, चोळी नको, आईची मशीन दे.

त्यानं मशीनकडे बघितलं. मग म्हणाला, "ती मागू नको बाई. आईची तेवढी एकच वस्तू राहिली हाय घरात."

मी म्हणाले, मग सहीपण राहू दे. दोन तास चाललं. तो उठून बाहेर गेला, परत आला. मी आईचे शब्द त्याला ऐकवले, रान त्याचं, मशीन हिची. त्यानं मशीनवर हात ठेवला आणि उपरण्यानं डोळे पुसले. शेवटी वहिनी आतून म्हणाली, देऊन टाका हो वन्संना. मग त्यानं मान हलवली. मला वाटलं, जिंकले. आयुष्यात हजार सौदे केले, पण समोरच्यानं नको असलेला माल डोळ्यांत पाणी आणून माझ्या गळ्यात मारला, असा तो एकच.

पुढच्या सोमवारी जिंतूरच्या नोंदणी कचेरीत कागद झाला. सही, अंगठा, फोटो. बाहेर आल्यावर भावानं मला उसाचा रस पाजला.

मशीन टेम्पोतून आली. पायडल वेगळं, हेड वेगळं. हेडला जळकं तेल चोपडून ते पोत्यात गुंडाळलं होतं, गंज चढू नये म्हणून. मी कुठलाही माल पोतं उघडल्याशिवाय उतरवून घेत नाही. साधी वाटी असली तरी उजेडात धरून बघते. पण त्या दिवशी भाऊ समोर उभा होता, आणि पोतं सोडलं तर मला रडू येणार हे मला कळत होतं. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. म्हटलं, ठेव तिथं, कोपऱ्यात. तो ठेवून गेला.

आठ-नऊ महिने ती दुकानाच्या मागच्या खोलीत तशीच पडून होती. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वाटलं, त्याच्या आत ती चालती करावी. परभणीत जुन्या मशीनी दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे. दुकान म्हणजे बोळातली एक फळी, पण हात असा की बाहेरगावचे शिंपी त्याच्याकडे येतात. मी नेहमीप्रमाणे घासाघीस केली. त्यानं चष्मा वर करून मला सांगितलं की नवीन मशीनीचं दुकान पुढच्या चौकात आहे. मग मी तो सांगेल ती मजुरी कबूल केली.

दुपारी बाजार थंड असतो. त्या वेळात मी रोज त्याच्याकडे जाऊन बसायची. पहिल्या दिवशी त्यानं पायडलाचे गंजलेले सांधे मोकळे केले, चामड्याचा नवा पट्टा घातला. दुसऱ्या दिवशी हेड डिझेलमध्ये भिजत ठेवलं. रॉकेल आता कुठं मिळतं, असं म्हणून तो थोडा वेळ रॉकेलबद्दल हळहळला. वरच्या तेलाचा चिकटा निघाला तशी खालची सोनेरी वेल दिसू लागली आणि मला आत कुठंतरी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यानं हेड उताणं केलं आणि तळ खरवडायला घेतला. मी वाकून म्हणाले, मागचा कोपरा आधी पुसा, मला पितळ बघायचंय.

"कसलं पितळ?"

मी त्याला लहानपणीची गोष्ट सांगितली. त्यानं मागचा कोपरा पुसला. मग दुसरा पुसला. चारही कोपरे डिझेलच्या फडक्यानं घासून लख्ख केले. सगळीकडे एकसारखं काळं बीड.

"ये वो मशीन नईं है, ताई," तो म्हणाला. "ही इतकी जुनी बी नव्हं. बीड हलकं हाय हिचं."

मी त्याच्यावर तुटून पडले. खोटं कशाला सांगू. म्हणाले, तुम्हीच बदललंत, माझ्या आईचं हेड रात्रीतून विकलंत आणि हे ठेवलंत. बोळातले लोक जमले. तो माणूस उठला नाही, आवाज चढवला नाही. त्यानं हेड सरळ केलं आणि मानेपाशी बांधलेल्या चिंधीवर बोट ठेवलं.

"हे फडकं मी बांधलं का?"

शिवणाऱ्या बायका मशीनच्या मानेला एक चिंधी बांधतात, सुया टोचायला आणि तेलाचा हात पुसायला. आई तर नेहमी बांधायची. ही चिंधी तेलानं काळी पडली होती, पण गाठीच्या आतला भाग मी उलगडून बघितला. जांभळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. त्या दिवाळीला मी नेलेल्या साडीचा काठ.

म्हणजे या मशीनवर आई बसली होती. म्हणजे ही मशीन सहीच्या वेळी बदललेली नव्हती. ती आई जिवंत असतानाच घरात आली होती.

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. जमलेले लोक पांगले. मग त्यानं दोऱ्याचा ताण कमीजास्त करायचा छोटा स्क्रू मला दाखवला. त्याची खाच झिजून पार गोल झाली होती. स्क्रूभोवतीच्या पत्र्यावर ओरखडेच ओरखडे.

"कुणीतरी लय झगडलंय हिच्याशी," तो म्हणाला. "टाका बसंना म्हणून पिळत ऱ्हायलं. पेचकस नसंल जवळ, सुरीनं पिळलाय."

आईच्या हातात तेव्हा भाजी चिरायचीही ताकद राहिली नव्हती, असं वहिनी सांगायची. मी त्या फळीवर बसून राहिले. त्याची माफीसुद्धा मागितली नाही. ती दुसऱ्या दिवशी मागितली, आणि सांगितलं की मशीन पुरी दुरुस्त करा, जशी व्हायला पाहिजे तशी. तो स्क्रू मात्र बदलू नका. तो म्हणाला, मग ताण कधी नीट बसणार नाही. मी म्हणाले, नसू दे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बोरीला गेले. भाऊ ओसरीवर बसून दाढी करत होता. मी उभ्या उभ्या विचारलं, आईची मशीन कुठाय. तो म्हणाला, तुझ्याकडेच तर दिली. मी म्हणाले, पितळेचा जोड नाही तिला. तो आरशात बघून गालावरून पातं फिरवत राहिला. मिस्त्रीनं बदलली असेल, म्हणाला. या लोकांचा काय भरवसा. मी साडीच्या काठाचं सांगितलं. तेव्हा त्याचा हात थांबला.

आतून वहिनी म्हणाली, "सांगून टाका आता. किती दिवस ठिवायचं पोटात."

मग त्यानं सांगितलं. कुणीतरी त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. जुन्या काळ्या शिलाई मशीनींमध्ये लाल पारा असतो, बाहेरचे लोक त्यासाठी वाटेल ते मोजतात. ओळखायचं कसं, तर मोबाईल सुईजवळ न्यायचा. रेंज गेली की समजायचं पारा आहे. त्यानं नेला. रेंज गेली. आमच्या त्या घरात ओसरीची पायरी चढली की रेंज जाते, सुई असो नाहीतर पाटा-वरवंटा. पस्तीस पिढ्यांची अक्कल असलेल्या माणसासारखा तो गावात वावरतो, लोकांचे तंटे मिटवतो, आणि त्याला हे सुचलं नाही.

आई चार दिवस चारठाण्याला लग्नाला गेली होती. तेवढ्यात त्यानं आणि त्याच्या एका दोस्तानं हेड रानातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरांच्या छपरात, नेलं. निघेल तेवढं पान्यानं उघडलं. जे निघेना ते हातोड्यानं फोडलं. जिंतूरच्या कारागिराचा जोडही उखडला. आत तेल होतं, कापसाचा लगदा होता. पारा नव्हता. आई यायच्या आत त्यानं दुसरीकडून दिसायला तसलंच हेड पैदा केलं आणि जुन्या पायडलावर बसवलं. फोडलेले तुकडे भंगारात दिले.

मी म्हणाले, "आणि आई म्हणाली तेव्हा?"

"तेव्हा तिला काय सांगणार होतो? तुझ्या बापाची मशीन हातोड्यानं फोडली म्हणून? गावभर सांगत सुटली असती."

"ती तसंही सांगतच होती."

"सांगत होती. पण विश्वास कुणाचा बसत नव्हता," तो म्हणाला. मग टॉवेलनं गालाचा साबण पुसून माझ्याकडे बघितलं. "तुझा तरी कुठं बसला?"

मी ओसरीच्या पायरीवर बसले.  मी म्हणाले, मला मशीन नको, रानही नको. वर्षश्राद्धाला सगळे येतील, मामाकडचे, गावातले, आईनं ज्या शेजारणींना मशीन दाखवली त्या. पंगत बसली की उभा राहा आणि सांग. आई खरं बोलत होती, मशीन मी बदलली, आणि हे माहीत असून मी तिला डोक्याच्या गोळ्या दिल्या. बाकी काही नको.

भाऊ माझाच भाऊ आहे. त्यानं सौदा सुरू केला. म्हणाला, मामांना बाजूला घेऊन सांगतो. मी नाही म्हणाले. मशीनचं सांगतो, डॉक्टरचं नको. नाही. लेकीचं लग्न ठरायलंय, ते होऊ दे, मग सांगतो. नाही. शेवटी म्हणाला, पाहिजे तर तो हक्कसोडीचा कागद फिरवून घेऊ, तुझा हिस्सा लावून देतो. एवढ्या मोठ्या किमतीला तो तयार झाला, तेव्हा मला कळलं की चार वाक्यं त्याला किती महाग वाटतात. मी तरीही एक अक्षर खाली आले नाही. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीपण म्हटलं नाही. मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो, एवढंच म्हणाला.

वर्षश्राद्धाला मी गेले. फोटोला हार घातला होता. पंगत बसली. भाऊ खीर वाढत होता, आग्रह करत होता, घ्या की अजून, आईला आवडायची. पहिली पंगत संपली. दुसरी बसली, ज्यात बाया होत्या. तो बोलेना. मग मी माझ्या पानावरून उठले. म्हणाले, माझी आई वेडी नव्हती. तिनं मला फोन करून खरं सांगितलं आणि मी तिला गप्प केलं. डॉक्टरसमोर मी मान हलवली. हा माझा गुन्हा आहे, मी सांगितला. ज्याचा दुसरा आहे त्यानं सांगावा.

सगळ्या खाली पानाकडे बघायला लागल्या. एक म्हातारी नातेवाईक म्हणाली, जेवणावर कशाला असलं बाई. दुसरी म्हणाली, पोरगी आईच्या मागं लय खचली. तेवढ्यात माझं लक्ष भावाकडे गेलं. तो खिरीचं भांडं घेऊन पुढच्या पानाशी वाकला होता आणि विचारत होता, भात आणू का. मला तेव्हा कळलं की आता माझीही पाळी आली. उद्या गावात सांगतील, आईसारखंच झालंय हिचं.

मी हात धुऊन निघाले. वहिनी वेशीपर्यंत मागोमाग आली. म्हणाली, वन्सं, एक सांगते, माझं नाव घेऊ नका. तुमचे भाऊ रोज सकाळी सासूबाईंना स्वतःच्या हातानं गोळी द्यायचे. दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचे नाहीत. आणि त्या रोज गोळी घेताना त्यांच्या तोंडाकडे बघून एकच विचारायच्या, "माझं डोस्कं खरंच फिरलंय का रे?" मी विचारलं, मग तो काय म्हणायचा. वहिनी रडायला लागली आणि मागं फिरली.

दादा, वहिनीचं नाव मी घेतलं, कारण झाकून ठेवायची कामं या घरात पुरे झाली. तिला काही बोलशील तर मी परत येईन. रान कर, पीक घे, मला त्यातलं धान्याचं कणीसही नको. बोलावणं बंद केलंस तरी चालेल. पण आई रोज सकाळी तुला एक प्रश्न विचारत होती. तांब्या तुझ्या हातात होता, गोळी तुझ्या हातात होती, आणि तिचं डोकं जाग्यावर आहे हे तुला पक्कं माहीत होतं. तू तिला काय उत्तर द्यायचास? मला एकटीला फोनवर सांगू नकोस. ज्यांच्यासमोर तिला वेडी ठरवलंस त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग.